हाय-युनी आणि मोनो १००: जपानी शिसपेन्सिली पारखायच्या कशा

चित्रांसाठी जपानी लाकडी पेन्सिली घ्यायच्या मनात असतील तर बावीस प्रतींचा, म्हणजे कठीण ते मऊ अशा बावीस प्रकारांचा, डबा आधी मागवू नका. तीन-चार सुट्या घ्या, नेहमीच्या पेन्सिलींशेजारी ठेवा आणि आपल्याच कागदावर, आपल्याच विषयावर चालवून बघा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात चित्र काढणारे हात पुष्कळ आहेत. के. बी. कुलकर्णींसारखा शिक्षक या शहराला लाभला, त्यांच्याकडे शिकलेले रवी परांजपे इथेच १९३५ साली जन्मले. पण अशा महागड्या पेन्सिली दुकानात हातात घेऊन, कागदावर ओढून बघायची सोय आपल्याकडे सहसा नसते. मग फोटो बघून डबा मागवला जातो आणि त्यातल्या निम्म्या पेन्सिलींना कधी टोकसुद्धा होत नाही. ते टाळावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कोणत्या पेन्सिली

जपानी पेन्सिली बऱ्याच आहेत, पण चित्रकारांच्या बोलण्यात दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. पहिली मित्सुबिशी पेन्सिल कंपनीची हाय-युनी. ही कंपनी मासाकी निरोकू यांनी १८८७ साली टोकियोत सुरू केली. मोटारी बनवणाऱ्या मित्सुबिशीशी तिचा काही संबंध नाही. दोघांचं तीन हिऱ्यांचं चिन्ह सारखं दिसतं, पण पेन्सिलवाल्यांनी ते १९०३ सालीच नोंदवलं होतं. त्यांची युनी १९५८ साली आली आणि तिच्यावरची हाय-युनी १९६६ साली. हाय-युनी १०बीपासून १०एचपर्यंत बावीस प्रतींत मिळते; बी म्हणजे मऊ आणि काळी, एच म्हणजे कठीण आणि फिकट, आकडा जितका मोठा तितका तो गुण जास्त, आणि एचबी मधली. दुसरी तोम्बो कंपनीची मोनो १००, साल १९६७. तिच्या सतरा प्रती, ६बी ते ९एच. मोनो १००च्या डझनासोबत कंपनी एक खोडरबर भेट देत असे. तो लोकांना इतका आवडला की १९६९ पासून स्वतंत्र विकायला आला. निळ्या-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा मोनो खोडरबर तो हाच.

याच दोन कंपन्यांच्या साध्या पेन्सिलीही आहेत, मित्सुबिशीची ९८०० आणि तोम्बोची ८९००. त्या लिहिण्यासाठी उत्तम आहेत, कच्च्या रेखाटनालाही चालतात आणि बऱ्याच स्वस्त पडतात. पारख करायची तर मात्र वरच्या दोन्हींचीच करावी, कारण फरक असेल तर तो तिथेच स्पष्ट दिसेल.

एक गैरसमज कानावर येतो. दांडेकरांची कॅमलिन २०११ पासून जपानच्या कोकुयो कंपनीच्या हाती आहे, म्हणून कॅमलिनची पेन्सिल म्हणजे जपानी पेन्सिल असं काही जण धरून चालतात. मालकी बदलली म्हणजे पेन्सिलीचं शिसं आणि लाकूड बदलतं असं नाही. कॅमलिन तिच्या जागी चांगली आहे, पण हाय-युनीची कल्पना तिच्यावरून येणार नाही.

पैसे नक्की कशाचे

पेन्सिलीत शिसं नसतं हे शाळेत सांगितलेलं असतं. असतो तो ग्रॅफाइट आणि चिकणमाती. फ्रान्समध्ये कॉन्तेने १७९५ साली ही रीत बसवली आणि आजही मूळ काम तेच आहे: दोन्ही बारीक दळायचे, पाण्यात मळायचे, कांडी ओढायची, भट्टीत भाजायची आणि शेवटी तेल-मेणात मुरवायची. माती वाढवली की कांडी कठीण आणि फिकट, ग्रॅफाइट वाढवला की मऊ आणि काळी.

महाग पेन्सिलीत हीच कामं जास्त निगुतीने होतात. कण जास्त बारीक आणि एकसारखे असतात, म्हणून मध्येच खर येत नाही. हलक्या हाताने राखाडी भरताना अचानक एखादी काळी चरचरीत रेघ उमटते ना, ती अशा खड्यामुळे. ती नंतर कितीही खोडा, कागदात तिची चर राहतेच. हाय-युनी आणि मोनो १०० घेताना आपण मुख्यतः ही चर न येण्याचे पैसे मोजतो. जास्त काळं मिळावं म्हणून घेणार असाल तर थांबा. काळं स्वस्त ८बीनेही मिळतं.

दुसरा भाग लाकडाचा. या दोन्हींचं लाकूड इन्सेन्स सीडर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्निया-ओरेगॉनकडचं. त्याचे धागे सरळ असतात, कटर सुरीसारखा सरकतो आणि वास छान येतो. आपल्या देशी पेन्सिलींना काश्मीरच्या पुलवामा भागातलं पॉपलर मोठ्या प्रमाणात लागतं. तेही चांगलंच लाकूड, पण कटरने लांब टोक काढताना सीडर जास्त ऐकतं.

काय मागवावं

हाय-युनी एचबी, २बी आणि ४बी. जमलं तर मोनो १०० ची २बी. बस. एका पेन्सिलीच्या किमतीत देशी पेन्सिलींचा डझनाचा डबा येतो, कधी त्याहून जास्तही जाते; म्हणून सुटी पेन्सिल देणाराच विक्रेता शोधा. गणपत गल्ली, खडेबाजार, टिळकवाडी या बाजूच्या दुकानांत आधी विचारून बघा. नसतील तर पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कुणाला सांगा किंवा ऑनलाइन मागवा. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याची खात्री करा, कारण पेन्सिल जितकी नावाजलेली तितक्या नकला जास्त.

हातात आल्यावर ओळख अशी. हाय-युनी गडद तपकिरी-लालसर, शेवटाला काळी टोपी, सोनेरी कडं आणि टोपीच्या मध्यावर एक बारीक ठिपका. मोनो १०० काळी, शेवटाला गोलसर काळी टोपी आणि तिच्यावरून आडवी जाणारी पांढरी पट्टी. दोन्हींवरची सोनेरी अक्षरं रेखीव असतात, पुसट किंवा वाकडी नसतात. टोकाकडून बघा: कांडी लाकडाच्या बरोबर मध्यावर हवी. ती एका कडेला सरकलेली असेल तर टोक करताना एक बाजू लाकडाची आणि एक शिसाची होते.

तुलनेसाठी घरातली देशी २बी आणि ४बी काढून ठेवा. अप्सरा, कॅमलिन, डोम्स, जी नेहमी वापरता तीच. तिच्यावर तुमचा हात बसलेला आहे आणि पारखीत तो फार उपयोगी पडतो.

कागद आणि पाऊस

पेन्सिल पारखायची म्हणजे निम्मं काम कागदाचं. गुळगुळीत झेरॉक्स कागदावर सगळ्याच पेन्सिली जवळपास सारख्या वाटतात. फार खरबरीत हँडमेडवर बारीक ग्रॅफाइटची मेहनत खड्ड्यांत हरवते. मधला कागद घ्या, दीडशे जीएसएमच्या (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) आसपासचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. तोच कागद सगळ्या चाचण्यांना वापरा आणि त्याची एकच बाजू वापरा. बऱ्याच शीटच्या दोन बाजू वेगळ्या लागतात. नखाने हलकेच घासलं की कळतं.

आपल्याकडे जूनपासून पुढे कागदाचं वेगळंच होतं. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे तर घरातल्या भिंतीसुद्धा ओल धरतात, बेळगावातही कागद हाताला गार आणि मऊ लागतो. अशा कागदावर एच किंवा एचबी जोराने चालवली की चर पडते, मऊ पेन्सिल डाग-डाग बसते. मग दोष पेन्सिलीचा वाटतो आणि असतो हवेचा. पावसात पारख करायची असेल तर शीट आदल्या रात्री कोरड्या खोलीत जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा, काम संपलं की पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आणि दोन पेन्सिलींची तुलना एकाच बैठकीत उरका. मे महिन्यात भरलेल्या छटा आणि जुलैमध्ये भरलेल्या छटा शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

टोक

शार्पनरने केलेलं आखूड टोक आणि कटरने काढलेलं लांब टोक यांत पेन्सिल ओळखू न येण्याइतकी बदलते, म्हणून सगळ्यांना एकाच पद्धतीचं टोक करा. मी कटरच सुचवेन. पेन्सिल डाव्या हातात धरा, पातं उजव्या हातात स्थिर ठेवा आणि डाव्या अंगठ्याने पात्याची पाठ पुढे ढकला. उजव्या हाताने जोर लावला की कांडी तुटलीच समजा. लाकूड बोटाच्या पेराएवढं उतरवा, कांडी उघडी झाली की पातं बाजूला ठेवा आणि पुढचं काम बारीक पॉलिश कागदावर करा, पेन्सिल फिरवत फिरवत. पडलेली भुकटी चित्रापासून लांब झटका, हात पुसा.

४बी आणि त्यापुढच्या मऊ प्रतींना फार लांब टोक काढू नका. सुंदर दिसतं, पण हात जरा तिरपा पडला की मोडतं.

चाचणी

घरातल्या कुणाला तरी सांगा: सगळ्या पेन्सिलींना कागदाची पट्टी गुंडाळ, वर क्रमांक घाल आणि कुठला क्रमांक कुणाचा ते वेगळं लिहून ठेव. नाव आणि किंमत डोळ्यांसमोर असली की हात आपोआप महाग पेन्सिलीच्या बाजूने न्याय देतो. हे नाटक वाटेल, पण करा.

पहिली पट्टी थरांची. प्रत्येक पेन्सिलीसाठी पाच चौकोन आखा. पेन्सिल मागे धरा, बोटांनी न दाबता, नुसत्या तिच्या वजनाने चालवा. पहिल्या चौकोनात एक थर, दुसऱ्यात दोन, असं पाचपर्यंत. प्रत्येक थराची दिशा थोडी बदला. आता कागद हातभर लांब धरून बघा. चांगल्या पेन्सिलीचे पाच चौकोन पायऱ्या-पायऱ्यांनी काळे होत जातात आणि प्रत्येक चौकोन आतून एकसंध दिसतो. साध्या पेन्सिलीत तिसऱ्या-चौथ्या थराला ठिपके आणि रेघा वर यायला लागतात, किंवा तिथून पुढे कागद काही घ्यायलाच तयार होत नाही. सगळ्यात जास्त वेळ याच पट्टीला द्या. घाईने भरलेला चौकोन काहीच सांगत नाही.

याच पट्टीवर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. जपानी पेन्सिली त्यांच्यावर छापलेल्या प्रतीपेक्षा काळ्या लागतात. हाय-युनीची एचबी हातातल्या देशी किंवा युरोपीय बीच्या जवळ जाऊन बसते, २बी पुढच्या प्रतीच्या जवळ. दोन्ही पट्ट्या शेजारी लावा आणि आपल्या नेहमीच्या २बीची जागा कोण घेतं ते पेन्सिलीने कडेला लिहून ठेवा. पुढे ऑर्डर देताना हा कागद उपयोगी पडेल, कारण प्रतीचं अक्षर एकच असलं तरी प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं.

दुसरी चाचणी टोक किती टिकतं याची. टोक ताजं करून एकसारख्या लांबीच्या बारीक रेघा ओढत जा, पेन्सिल न फिरवता. रेघ कुठे जाड झाली तिथे खूण करा. इथे मोनो १०० बहुधा पुढे जाते. ती किंचित कोरडी आणि कडक चालते, कडा स्वच्छ येतात. हाय-युनी मऊ सरकते आणि गडद बसते. माझ्या हाताला चेहऱ्यासाठी हाय-युनी आवडते आणि वास्तूच्या रेषांसाठी मोनो. तुमचा हात जड असेल तर उलटंही होईल.

खोडून बघणं सोपं आहे. प्रत्येक पट्टीवर मळता येणारा खोडरबर नुसता टेकवून उचला, मग साध्या खोडरबराने एकदा घासा. हलके थर नीट उचलले जातात का, चर राहते का, कागद काळवंडतो का, एवढंच बघा.

चमकेची चाचणी मात्र कुणी करत नाही आणि तीच पुढे रडवते. पेन्सिलीने जमेल तेवढा काळा चौकोन भरा, खिडकीशी न्या आणि कागद तिरपा करा. ग्रॅफाइट चमकतोच, हाय-युनीचाही चमकतो. जास्त पैसे दिले म्हणून चमक जात नाही. दाबून भरलेला भाग जास्त चमकतो, थराथराने भरलेला कमी. चित्र काचेत लावायचं असेल किंवा फोटो काढून पाठवायचं असेल तर अगदी शेवटचा काळा कोळशाच्या पेन्सिलीने द्या, पण ग्रॅफाइटचे जड थर पडायच्या आधी ती जागा राखून ठेवा. चकाकत्या ग्रॅफाइटवर कोळसा धरत नाही.

हे सगळं झाल्यावरच कागदी पट्ट्या सोडा आणि क्रमांक ताडून बघा.

खरी परीक्षा: कमल बस्ती

पट्ट्यांवर जे कळतं त्याची खात्री चित्रात होते. त्यासाठी बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती मला सगळ्यात योग्य जागा वाटते. हे नेमिनाथाचं जैन मंदिर १२०४ सालचं, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधवलेलं. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली उतरलंय, पाकळ्यांवर बहात्तर तीर्थंकर. त्याच्याखाली गोल, कातल्यासारखे गुळगुळीत खांब. दगड काळसर, पण घासून इतका तुकतुकीत केलेला की बाहेरचा उजेड त्याच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो.

पेन्सिलीची कसोटी लागते ती याच पट्ट्यांमध्ये. खांब काढायचा म्हणजे पांढरा आणि काळा यांच्या मधल्या दहा-बारा राखाडी छटा, एकीतून दुसरीत शिवण न दिसता जाणाऱ्या. एकदा खर आली की खांब गोल दिसायचा थांबतो. सकाळच्या उजेडात जा, एकच खांब निवडा, कमळाच्या मोहात पहिल्याच दिवशी पडू नका. आधी एचबीने आकार आणि उजेडाच्या कडा अगदी फिकट बांधा. मग २बीने सगळ्या छाया एका थरात टाका, उजळ पट्टी कोरी ठेवा. पुढचे थर फक्त गडद बाजूने चढवत आणा. ४बी शेवटी आणि मोजक्याच जागी: कड्यांच्या खाचांत, खांब छताला टेकतो तिथल्या सावलीत. तळहाताखाली कोरा कागद ठेवा, आपल्या हवेत हाताला घाम येतोच. बोटाने पुसून छटा जुळवायची सवय असेल तर या चित्रापुरती ती सोडा, नाहीतर सगळ्या पेन्सिली एकसारख्याच दिसतील.

दुसऱ्या कागदावर तोच खांब, त्याच मापात, देशी २बी-४बीने काढा. कदाचित तुम्हाला फरक जाणवणारही नाही. तसं झालं तर आनंदाने जुन्या पेन्सिलींवर राहा. त्यात कमीपणा काहीच नाही. जाणवला तर आता तो तुमच्या कामात जाणवलाय, कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

बस्ती हे पूजेचं ठिकाण आहे. चप्पल बाहेर, येणाऱ्यांची वाट अडेल असं बसायचं नाही, तिथे असलेल्यांना विचारून मगच कागद काढायचा, आणि कागद किंवा बोर्ड खांबाला टेकवायचा नाही. पेन्सिलीची भुकटी तिथे झटकू नका, डबी सोबत ठेवा.

सगळ्या विषयांना या पेन्सिलींची गरज पडत नाही. खानापूरकडच्या जांभ्याच्या भिंती, गोकाकच्या धबधब्याचे कातळ, बैलांच्या पाठीवरची झूल, असं खरबरीत काही काढताना देशी मऊ पेन्सिलीची हीच खर कामाला येते आणि चित्र जिवंत होतं. उलट म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गालाची सुरकुतलेली कातडी, पांढऱ्या फेट्याच्या घड्या, वडगाव-शहापूरच्या मागावर ताणलेलं सूत, इथे बारीक ग्रॅफाइट आपली किंमत वसूल करून देतो. फेटा तर नक्की काढून बघा. पांढऱ्यावरच्या अगदी फिकट सावल्या हाय-युनीच्या एचबीने जितक्या स्वच्छ येतात तितक्या मला दुसऱ्या पेन्सिलीने मिळालेल्या नाहीत.

मुलांसाठी

लोअर-हायर ड्रॉईंग ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे आई-बाबा विचारतात, घेऊन देऊ का? नको. त्या वयात कागद भरपूर लागतो. तेवढ्याच पैशात चार वह्या आणि अप्सराचा डबा आणा. मुलगी स्वतःहून छटांच्या मागे लागली, थर चढवायचा कंटाळा करेनाशी झाली, की एक २बी तिच्या हाती द्या. एकच.

सांभाळ

पेन्सिल फरशीवर पडली की बाहेरून धड दिसते आणि आत कांडीचे तुकडे होतात. मग टोक केलं की मोडतं, पुन्हा केलं की पुन्हा मोडतं. म्हणून डब्यात खुळखुळत ठेवू नका. सुती कापडाची खणाखणांची गुंडाळी शिवून घ्या, प्रत्येक पेन्सिल वेगळी, टोकं सगळी एका बाजूला आणि त्यांच्यावर दुमडलेली पट्टी. टोकाला धातूची टोपी मिळते, प्रवासात ती लावा. एसटीच्या धक्क्यांत पिशवीच्या तळाशी काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पेन्सिल बोटाएवढी उरली की पेन्सिल-होल्डरमध्ये बसवा आणि शेवटपर्यंत वापरा. मऊ प्रती झपाट्याने संपतात, एचबी बराच काळ पुरते. दुसऱ्या खेपेला बहुतेकांना २बी दोन लागतात. कडेला लिहून ठेवलेला पट्ट्यांचा कागद काढा आणि त्यावरून ठरवा: चेहरे काढत असाल तर एफ (एचबी आणि एचच्या मधली) आणि बी जोडा, वास्तू काढत असाल तर मोनो १०० ची एच, आणि रात्रीचे प्रसंग, देवळांचे गाभारे असं काळं काम असेल तर हाय-युनीची ६बी. १०बीची हौस असेल तर तीही एक घ्या. ती ढिली चालते, टोक धरत नाही, पण मोठ्या कागदावर गाभाऱ्याचा अंधार पसरायला तिच्याइतकी वेगाने भरणारी दुसरी पेन्सिल या रांगेत नाही.